का झालं, आणि का टिकलं

मानसिक आजार झालेल्या माणसाला घेऊन येणाऱ्या घरच्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: हे कशामुळे झालं? प्रश्न विचारतानाच उत्तरंही तयार असतात. नोकरी गेली म्हणून झालं, बारावीचा ताण घेतला म्हणून झालं, आईने लाडावून ठेवलं म्हणून झालं, बापाने लहानपणी फार मारलं म्हणून झालं, कुणीतरी करणी केली म्हणून झालं. घरातल्या प्रत्येकाच्या मनात एक आरोपी असतो आणि बऱ्याचदा तो शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असतो. कुटुंबांबरोबर समुपदेशनाचं काम करताना या प्रश्नाशी रोजचा संबंध येतो. इतक्या वर्षांच्या कामानंतर माझं मत असं झालं आहे की हा प्रश्न कितीही स्वाभाविक असला तरी कौटुंबिक उपचारपद्धतीपाशी त्याचं उत्तर नाही. तिच्यापाशी उत्तर आहे ते दुसऱ्याच प्रश्नाचं: एकदा सुरू झालेलं हे दुखणं आज टिकून कशामुळे आहे, आणि ते हलवायचं तर घरात नेमकं काय हलवावं लागेल? या शाखेने जेव्हा जेव्हा या दोन प्रश्नांची गल्लत केली, तेव्हा तिने माणसांना, विशेषतः आयांना, फार दुखावलं. जेव्हा तिने ते वेगळे ठेवले, तेव्हा एकट्या औषधांना न साधणारं काम करून दाखवलं. आपल्याकडे समुपदेशकांकडे जाण्याचं प्रमाण वाढतं आहे, आणि त्याबरोबर ही जुनी गल्लतही नव्याने पसरते आहे. म्हणून हे जरा विस्ताराने मांडायला हवं.

या पद्धतीच्या मुळाशी असलेला विचार मानसोपचारांच्या बाहेरून आला. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाचं ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक १९४८ सालचं. त्याच्या आगेमागे, १९४६ ते १९५३ या काळात, अमेरिकेत मेसी फाउंडेशनच्या परिषदांमध्ये गणितज्ञ, अभियंते, मेंदूचे अभ्यासक आणि मानववंशशास्त्रज्ञ एकत्र बसत होते. ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड त्यांत होते. तिथे चर्चा चालली होती ती स्वतःला सांभाळणाऱ्या यंत्रणांची. गिझरमधलं पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की वीज बंद होते, पाणी निवलं की पुन्हा सुरू होते. इथे पाणी तापण्याचं कारण वीज आणि वीज बंद होण्याचं कारण तापलेलं पाणी. कारण आणि परिणाम एका सरळ रेषेत उभे राहत नाहीत, ते वर्तुळात फिरतात. बेटसनने आणि कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या त्याच्या सहकाऱ्यांनी हाच विचार घराला लावला. त्यांच्यातला मानसोपचारतज्ज्ञ डॉन जॅक्सन याने १९५७ साली लिहिलं की कुटुंबही आपला तोल असाच सांभाळत असतं. पेशंट सुधारू लागला की कधी कधी घरातलं दुसरंच कुणीतरी बिघडतं, कारण सगळं घर त्या आजाराभोवती स्थिरावलेलं असतं. पुढे १९६७ मध्ये वॉट्झलाविक, बीव्हिन आणि जॅक्सन यांनी नवरा-बायकोचं एक उदाहरण दिलं, ते आजही जसंच्या तसं भेटतं. तो म्हणतो, ती सतत टोचत असते म्हणून मी गप्प होतो. ती म्हणते, तो गप्प असतो म्हणून मला बोलावं लागतं. दोघंही खरं सांगत असतात. फक्त प्रत्येकाने वर्तुळ वेगळ्या ठिकाणी तोडून तिथून गोष्ट सुरू केलेली असते. इथे सुरुवात कुणी केली याचा निवाडा करत बसलं तर सेशन संपतं आणि वर्तुळ तसंच फिरत राहतं.

हा विचार कागदावर सोपा वाटतो. त्याची ताकद कळते ती व्यसनाच्या घरात. नवरा पितो. बायको बाटली लपवते, पाकीट तपासते, ऑफिसात फोन करून ‘ताप आलाय’ सांगते, उधाऱ्या फेडते, मुलांना ‘बाबांना बरं नाही’ म्हणून दुसऱ्या खोलीत नेते. सासू सुनेच्या नकळत मुलाच्या हातावर पैसे ठेवते, कारण तिला वाटतं सून फार कडक वागते. सून आणखी कडक होते, कारण सासू पैसे देते हे तिला माहीत असतं. मोठा भाऊ वर्षातून एकदा येतो, सगळ्यांसमोर अपमान करून जातो. त्या रात्री पिणं वाढतं आणि मग आई म्हणते, बघा, बोलल्यामुळेच तो पितो. यातलं एकही माणूस त्या दारूचं कारण नाही. पिणं का सुरू झालं याची उत्तरं शरीरात असतील, मित्रमंडळींत असतील, कामाच्या ठिकाणी असतील. पण दारूचे परिणाम दारू पिणाऱ्यापर्यंत पोचू न देण्याचं काम हे सगळे मिळून, अतिशय प्रेमाने आणि कष्टाने, करत असतात. म्हणून पिणं सोडण्याचं निकडीचं कारण त्याच्यापर्यंत येतच नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणने व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांना, विशेषतः पत्नींना, कामात घेतलं त्यामागे ही जाण होती. बायकोने खोटे फोन करणं थांबवलं आणि आईने पैसे देणं थांबवलं, तर नवऱ्याला न विचारताही वर्तुळातले दोन दुवे बदलतात.

आणि खरी कसोटी लागते ती दारू सुटल्यावर. बाहेरच्याला वाटतं, आता सगळं सुरळीत होईल. प्रत्यक्षात अनेक घरं पहिल्या वर्षात विलक्षण अस्वस्थ होतात. इतकी वर्षं एटीएम कार्ड, शाळेची फी, गावाकडच्या शेताचा वाटा, मुलीच्या कॉलेजचा निर्णय सगळं बायकोने पाहिलेलं असतं. शुद्धीवर आलेला नवरा आता आपलं मत देऊ लागतो. मुलांना बाबांचं ऐकायची सवय नसते, त्यांना ते ढवळाढवळ वाटतं. बायको थकलेली असते, पण हातातलं सोडायला धजत नाही, कारण तो पुन्हा प्यायला लागला तर हे सगळं तिलाच उचलायचं असतं. तिचा हा अविश्वास अनुभवातून आलेला आणि पूर्ण रास्त असतो. त्याला मात्र तो शिक्षेसारखा वाटतो. या टप्प्यावर घरातल्या कुणाच्या तरी तोंडून हमखास निघतं की ‘पीत होतात तेव्हा निदान भांडत तरी नव्हतात’. जॅक्सन ज्याला तोल म्हणत होता तो हा. या क्षणी घराला कुणीतरी सांगावं लागतं की तुम्ही बिघडलेले नाही, जुनी घडी मोडली आहे आणि नवी बसायला वेळ लागतो. पैशाचे निर्णय एकदम परत देऊ नका, एक एक करून द्या. व्यसन पुन्हा सुरू होण्याच्या किती कहाण्या प्रत्यक्षात या न बसलेल्या घडीच्या कहाण्या असतात, हे या कामात असलेल्या कुणालाही विचारून पाहावं.

दुसरी कल्पना त्रिकोणाची. मरी बोवेन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने ती मांडली. दोघांमधला ताण त्या दोघांना पेलेनासा झाला की तिसरा ओढला जातो. मराठी घरात हा त्रिकोण समजावून सांगावा लागत नाही. ‘तुझ्या बायकोला सांग’ या एका वाक्यात तो पूर्ण उभा असतो. सासू सुनेशी बोलत नाही, मुलाशी बोलते. मुलगा आईला उत्तर देत नाही, बायकोवर चिडतो. आणि मुलाच्या लहानपणी आई-वडिलांमध्ये जे कधी बोललं गेलं नाही त्याचा भार आजही त्या मुलावरच असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. लहान मुलांच्या बाबतीत त्रिकोण अधिक कठीण रूप घेतो. रविवारी रात्री पोट दुखू लागणारं, सोमवारी शाळेला न जाणारं मूल तपासण्यांमध्ये निर्दोष निघतं. त्याचं दुखणं खोटं नसतं. पण पोट दुखलं की आई-बाबांचं भांडण थांबतं आणि दोघं एकत्र त्याच्या उशाशी बसतात, हे त्याचं शरीर शिकलेलं असतं. मिलानच्या सेल्विनी पालाझोली, बोस्कोलो, चेक्किन आणि प्राता यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या लेखातून या कामाला एक फार उपयोगी साधन मिळालं. एखाद्याला स्वतःबद्दल विचारण्याऐवजी दुसऱ्या दोघांमधल्या नात्याबद्दल विचारायचं. बाबा गप्प झाले की सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येतं? त्यानंतर आई काय करते? ताई तेव्हा कुठे असते? अशा प्रश्नांना उत्तर देताना कुणालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागत नाही, आणि तरी घराचा नकाशा हळूहळू सगळ्यांसमोर येतो.

इथवर सारं ठीक. पण या शाखेचा इतिहास एवढाच सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. ज्या बेटसनने वर्तुळाचा विचार दिला, त्याच्याच गटाने १९५६ साली स्किझोफ्रेनियाविषयी एक सिद्धांत मांडला. त्यातलं गाजलेलं उदाहरण असं: हॉस्पिटलात भेटायला आलेल्या आईच्या खांद्यावर मुलगा हात टाकतो, ती अंग आखडून घेते. तो हात काढतो, तर ती विचारते की तुझं माझ्यावर प्रेम नाही का. एकाच वेळी दोन परस्परविरोधी संदेश आणि त्यांतून सुटका नाही. अशा कोंडीतून हा आजार घडतो असं त्यांना सुचवायचं होतं. त्याआधी, १९४८ साली, फ्रीडा फ्रॉम-राइखमान हिने तर मुलांमध्ये स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई अशी कल्पनाच लिहून ठेवली होती. बोवेनने १९५४ पासून वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत पेशंटबरोबर आयांना आणि पुढे वडील-भावंडांसह अख्ख्या कुटुंबांना वॉर्डात राहायला आणलं, तेही आई आणि मुलामधल्या अति गुंतलेल्या नात्यात आजाराचं मूळ सापडेल या अपेक्षेने. बेटसनच्या गटाने १९६२ साली कोंडीत टाकणारा आणि कोंडीत सापडणारा अशी विभागणी सोडून, दोघंही एकाच व्यवस्थेत अडकलेले आहेत असं म्हटलं. पण तोवर मूळ मांडणी दूरवर पोचली होती. एका पिढीतल्या असंख्य आयांनी आधी मुलाचा आजार सोसला आणि वर तो आजार आपणच दिला हा डॉक्टरांचा शब्द सोसला. स्किझोफ्रेनियामध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे आज पक्कं आहे. आईच्या बोलण्यातून तो निर्माण होतो याला आधार मिळाला नाही. वर्तुळ पाहायला निघालेल्या लोकांनी ऐन मोक्याच्या जागी एक सरळ रेषा ओढली, आणि तिच्या टोकाला एक बाई उभी केली.

१९५० च्याच दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात, वेगळंच काही घडत होतं. डॉ. विद्यासागर यांच्यापुढे पेशंटची गर्दी होती, हाताखाली माणसं अपुरी होती. त्यांनी हॉस्पिटलच्या आवारात तंबू ठोकले आणि पेशंटच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावलं. घरचे पेशंटजवळ राहिले, त्याला बरं होताना त्यांनी स्वतः पाहिलं, आजाराबद्दल डॉक्टरांकडून थेट ऐकलं, आणि त्याला बरोबर घेऊन घरी गेले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही पेशंटबरोबर घरच्या माणसाने राहायचं हा शिरस्ता पडला. बोवेनचा वॉर्ड आणि विद्यासागर यांचे तंबू यांच्यात बाहेरून पाहिलं तर फरक नाही, दोन्हीकडे कुटुंब हॉस्पिटलात राहायला आलं. पण एका ठिकाणी ते तपासायला आणलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी मदतीला. बोवेनच्या प्रयोगातून विचाराला समृद्ध करणाऱ्या कल्पना मिळाल्या, त्रिकोणाची कल्पनाही त्याचीच, आणि मी ती रोज वापरते. तरी पेशंटचं आयुष्य बदलण्याच्या बाबतीत तंबूंनी जे दाखवून दिलं ते अधिक मोलाचं होतं असं मला ठामपणे वाटतं. पाश्चात्त्य पुस्तकांमधल्या इतिहासात त्याला जेमतेम जागा मिळते, ही या विषयाची मोठी उणीव आहे.

‘का टिकलं’ या प्रश्नाचा सर्वांत भक्कम पुरावा लंडनहून आला. जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाच्या १९५० च्या दशकात लक्षात आलं की हॉस्पिटलातून सुटून आई-वडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेले स्किझोफ्रेनियाचे पेशंट, वेगळं राहणाऱ्यांच्या मानाने पुन्हा लवकर आजारी पडतात. पुढे त्याने घरच्यांच्या मुलाखतींतून टीका, वैरभाव आणि अति गुंतणं मोजण्याची पद्धत बसवली. ब्राउन, बर्ली आणि विंग यांच्या १९७२ च्या अभ्यासात १०१ पेशंट होते. ज्या घरांत ही भावनिक तीव्रता जास्त होती तिथे नऊ महिन्यांत ५८ टक्के पेशंटचा आजार उलटला, बाकीच्या घरांत १६ टक्क्यांचा. आता कुणी म्हणेल, पेशंट जास्त आजारी असेल म्हणून घरचे जास्त चिडत असतील. हा आक्षेप योग्य आहे, आणि वर्तुळाचा विचार मानणाऱ्याला तो मान्यच असायला हवा. पेशंट उठत नाही म्हणून वडील बोलतात, बोलणं ऐकून तो आणखी आत मिटतो. मग वर्तुळ खरोखर हलवून काय होतं ते पाहायला हवं होतं, आणि ज्युलियन लेफ आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली ते पाहिलं. तीव्रता जास्त असलेली घरं निवडून त्यांनी दोन गट केले. औषधं दोन्ही गटांना चालू होती. एका गटातल्या नातेवाइकांना आजाराची माहिती दिली, त्यांची एकमेकांशी गाठ घालून दिली, घरी जाऊन त्यांच्याशी बोलणं केलं. नऊ महिन्यांत दुसऱ्या गटातल्या निम्म्या पेशंटचा आजार उलटला, या गटात एखाद्याचाच. अभ्यास लहान होता, पण पुढे अनेक देशांत झालेल्या प्रयोगांनी त्याच दिशेला दुजोरा दिला. इथे कुणीही आजाराचं कारण घरात शोधलं नव्हतं. उलट आजार मेंदूचा आहे, तुमच्यामुळे झालेला नाही, हे नातेवाइकांना सांगणं हाच उपचाराचा पहिला भाग होता.

आपल्या घरांत हे वर्तुळ बहुतेक वेळा एकाच शब्दाभोवती फिरतं: आळशी. स्किझोफ्रेनियात आवाज ऐकू येणं, संशय घेणं हे आजार म्हणून घरच्यांना पटतं. पण गोळ्यांनी आवाज थांबल्यावर उरणारी मरगळ, अंघोळीचा कंटाळा, दिवसभर पडून राहणं, तासन्‌तास भिंतीकडे पाहणं हेही आजाराचंच अंग आहे, हे सहजी पटत नाही. तिथे चारित्र्य दिसू लागतं. पंचाहत्तरीचे वडील पेन्शनीवर घर चालवत असतात आणि पस्तिशीचा मुलगा अकरा वाजता उठतो. त्यांच्या टीकेमागे द्वेष नसतो, भीती असते: आम्ही गेल्यावर याचं काय होणार? ही भीती कुणीतरी ऐकून घेतली, त्यांच्यासारख्या दुसऱ्या पालकांमध्ये त्यांना बसवलं, तर टीकेची धार आपोआप उतरते. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांनी पालकांचे स्वमदत गट चालवले त्याचं मोल यातच आहे. वडिलांना ‘बोलू नका’ असं नुसतं बजावलं तर मात्र काहीच साधत नाही. न बोलता ते कपाळाला हात लावून बसतात, आणि मुलाला तेही ऐकू येतं.

याच धर्तीचा दुसरा पुरावा वेगळ्या आजारातला आहे. फिलाडेल्फियाचा सॅल्व्हडोर मिनुचिन हा या शाखेतला अत्यंत कुशल उपचारक. जेवण टाकून हाडांचा सापळा होणाऱ्या किशोरवयीन मुलींच्या, म्हणजे ॲनोरेक्सियाच्या, कुटुंबांबद्दल त्याने १९७८ च्या पुस्तकात लिहिलं की एकमेकांत अति मिसळून गेलेली, अति जपणारी, ताठर आणि मतभेद टाळणारी घरं हा आजार घडवतात. अशी ठरावीक घरं असतात, हे पुढच्या संशोधनात टिकलं नाही. पण घराला बरोबर घेऊन उपचार करणं टिकलं. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या रसेल आणि सहकाऱ्यांच्या १९८७ च्या चाचणीत, एकोणिसाव्या वर्षाआधी आजार सुरू झालेल्या आणि तीन वर्षांपेक्षा कमी काळ आजारी असलेल्या मुलींमध्ये, कुटुंबासह केलेला उपचार एकट्या मुलीवर केलेल्या उपचाराहून सरस ठरला. त्यातून जी पद्धत वाढली ती आई-वडिलांना सांगते की हे तुमच्यामुळे झालेलं नाही, पण मुलीला जेवायला लावण्याची ताकद सगळ्यात जास्त तुमच्यापाशी आहे. कारणाबद्दलचा सिद्धांत ढासळला आणि उपचार उभा राहिला. माझं म्हणणं सिद्ध करायला याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे. सगळंच वर्तुळ असेल तर नवरा मारतो आणि बायको उलट बोलते हेही वर्तुळच का? हा प्रश्न या शाखेतल्या स्त्रियांनीच विचारला. रेचल हेअर-मस्टिन यांनी १९७८ साली आणि व्हर्जिनिया गोल्डनर यांनी १९८५ साली दाखवून दिलं की वर्तुळाच्या भाषेत घरातली सत्ता नाहीशी होते. दोघं समान बळाचे खेळाडू असल्यासारखे दिसतात. बेटसनला तर सत्ता ही कल्पनाच चुकीची वाटत असे, आणि यावरून त्याचं त्याचाच सहकारी जे हेली याच्याशी बिनसलं होतं. मला या आक्षेपापुढे कोणतीही पळवाट काढायची नाही. हिंसेच्या बाबतीत जबाबदारी मारणाऱ्याची आहे, पूर्णपणे आणि एकट्याची. तिथे दोघांना एकत्र बसवून ‘तुमच्या दोघांत काय होतं’ असं विचारणं धोक्याचंही आहे, कारण सेशनमध्ये तिने खरं सांगितलं तर त्याची किंमत ती रात्री घरी मोजते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईत पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. छळ सोसणाऱ्या बाईला आधी सुरक्षितता आणि कायद्याचा आधार हवा, घर जुळवण्याचा सल्ला नंतर, हा या कामाचा योग्य क्रम आहे. आपल्याकडे ‘संसार टिकवा’ हे समुपदेशनाचं उद्दिष्ट मानणारे कमी नाहीत, म्हणून हे ठासून म्हणायला हवं. ‘का टिकलं’ हा प्रश्न इथेही उपयोगी आहे, फक्त तो बाईच्या वागण्यावर रोखायचा नाही. मारणं टिकतं कारण माहेर परत पाठवतं, शेजारी दार लावून घेतात, घर त्याच्या नावावर असतं, तिच्या हातात कमाई नसते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला तो या साखळीतला एक दुवा तोडणारा आहे.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतून येतो. या सगळ्या कल्पना चौघांच्या, वेगवेगळ्या खोल्यांत झोपणाऱ्या कुटुंबांवरून आल्या. मिनुचिनला घरात स्पष्ट सीमारेषा हव्या होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे त्या कुठे ओढायच्या? यात तथ्य आहे. एक मात्र मिनुचिनच्या बाजूने सांगायला हवं, त्याचं सुरुवातीचं काम न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या घरांबरोबरच होतं. आणि चाळीतल्या माणसांना सीमा ठाऊक नसतात असं मुळीच नाही. तिथे सीमा भिंतीने आखली जात नाही, वेळेने आणि शिष्टाचाराने आखली जाते. मुलगा-सून बोलत असताना म्हातारी गॅलरीत जाऊन बसते, ही सीमाच आहे. कपाटातला एक कप्पा कुणी उघडत नाही, हीसुद्धा. तेव्हा विचारायचं ते असं: या घरात सीमा कशी पाळली जाते, आणि ती मोडल्यावर काय होतं? मोठ्या घराकडे आधीच आजारी म्हणून पाहणारा समुपदेशक इथे फसतो. चंडीगढमध्ये विग, लेफ आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टीका आणि गुंतणं यांची तीव्रता जास्त असलेली घरं चौथाईहूनही कमी निघाली, खेड्यांत तर फारच कमी. ब्राउनच्या लंडनमध्ये ती निम्म्याच्या आसपास होती. यावरून एकत्र कुटुंबाचे गोडवे गाऊ नयेत. सुनेला काय सोसावं लागतं हे त्या मोजपट्टीत येत नाही. पण आजारी माणसाची देखभाल चार जणांत वाटली गेली की कुणा एकाचा संयम संपत नाही, हे मला त्यातून दिसतं.

आणि तो आधार आता आटतो आहे. पेशंटबरोबर आज येतात ते बहुधा सत्तरीचे आई-वडील. बहीण पुण्यात नाहीतर न्यू जर्सीत, तिला व्हिडिओ कॉलवर घ्यावं लागतं. काका-मामा लग्नापुरते. अशा वेळी ‘सगळ्या घराला बोलवा’ या आग्रहाला अर्थ उरत नाही. बोवेननेच पुढे दाखवलं की एकाच माणसाबरोबर काम करूनही त्रिकोण हलवता येतो. एकाने निरोप्याचं काम सोडलं तरी बाकीच्या दोघांना एकमेकांशी बोलावं लागतं. पण एकट्या थकलेल्या आईवर आणखी एक काम लादायला हा युक्तिवाद वापरला जाऊ नये. ‘का टिकलं’ हा प्रश्न मनापासून विचारला तर तो उंबरठ्यापाशी थांबत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात गोळ्या संपलेल्या असतात म्हणून आजार उलटतो. दिवसा जायला जागा नसते म्हणून मुलगा घरात पडून राहतो आणि वडील त्याला पाहत राहतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे आणि हॉस्पिटल व घर यांच्या मधल्या निवासांची तरतूद करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. महाराष्ट्रात अशा निवासांची उणीव किती आहे हे जागा शोधत फिरणाऱ्या पालकांना माहीत आहे. वडिलांचा आवाज चढतो तेव्हा त्यात या नसलेल्या जागेचाही वाटा असतो. म्हणून घराचा नकाशा काढताना आता मी त्यात औषधांचं दुकान, एसटीचं भाडं, शेजारी, दिवसा कुठे जाता येईल ती जागा आणि नसेल तर तिची रिकामी चौकट, हे सगळं घरच्यांकडूनच काढून घेते. मग त्यांतला कोणता दुवा या महिन्यात हलवता येण्यासारखा आहे, एवढंच त्यांच्याबरोबर बसून ठरवते.